सुई टोचली की बाळ का रडतं? गर्भातच कातडीपर्यंत पोचणाऱ्या चेतातंतूंची गोष्ट

बाळ दीड महिन्याचं झालं की अम्मी आणि नानी त्याला घेऊन लसीकरणाच्या रांगेत उभ्या राहतात. नर्सबाई मांडीत सुई टोचतात, एक क्षण शांततेत जातो आणि मग बाळ अख्खा दवाखाना डोक्यावर घेतं. नानी त्याला छातीशी धरून थोपटते, अम्मीच्या डोळ्यांत पाणी येतं. त्या रडण्यानं घरच्यांचा जीव कासावीस होतो खरा, पण ते रडणं ही मोठी चांगली खबर असते. मांडीच्या कातडीपासून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत आणि तिथून मेंदूपर्यंतची तार नीट जोडलेली आहे, असं ते बाळ आपल्याला ओरडून सांगत असतं.

ही तार कधी आणि कशी जोडली गेली? आईला दिवस गेल्याची नुकतीच कुठे खात्री झालेली असते, गर्भ जेमतेम एक सेंटिमीटरचा असतो, हातापायांच्या जागी नुसते फुगवटे असतात. तेव्हाच, पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास, चेतातंतू त्या फुगवट्यांत शिरायला लागतात. हे काम कोणा कारागिराच्या देखरेखीशिवाय चालतं. प्रत्येक तंतू आपली वाट आपणच शोधतो, आणि वाटेत त्याला रासायनिक संदेश मिळत जातात. या संदेशांपैकी सर्वांत प्रसिद्ध संदेश कसा सापडला, तो नेमकं काय करतो आणि तो पोचला नाही तर घरात काय ओढवतं, हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्या समाजातल्या कुटुंबांना तर त्यातला एक भाग जास्तच जवळचा आहे. त्याबद्दल पुढे बोलूच.

पेशी कण्याजवळ, टोक अंगठ्यात

आधी थोडी रचना समजून घेऊ. दुखणं, गरम-थंड, स्पर्श हे ओळखणाऱ्या पेशी कातडीत राहत नाहीत. त्या राहतात पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, मणक्यांच्या जवळ, लहान लहान गाठोड्यांसारख्या समूहांत. प्रत्येक पेशीतून एक धागा निघतो आणि लगेच त्याला दोन फाटे फुटतात. एक फाटा आत मज्जारज्जूत जातो, दुसरा बाहेर कातडी, स्नायू किंवा सांध्याकडे. पायाच्या अंगठ्याला ठेच लागते तेव्हा ती ओळखणारी पेशी कमरेच्या खालच्या भागात असते. मोठ्या माणसात तिचा धागा जवळजवळ एक मीटर लांब असतो. पेशी स्वतः मात्र मिलिमीटरच्या काही शतांश एवढीच. ती हरभऱ्याच्या दाण्याएवढी आहे असं धरलं, तर तिचा धागा तीनशे मीटरहून लांब भरेल.

अर्थात गर्भातल्या पहिल्या प्रवासात एवढं अंतर नसतं. तेव्हा सगळंच लहान असतं, धाग्याला मिलिमीटरच्या हिशोबात चालायचं असतं. एकदा टोक योग्य जागी चिकटलं की पुढे शरीर वाढतं तसा धागाही ताणला जाऊन वाढत राहतो. म्हणून पहिला पत्ता बरोबर सापडणं महत्त्वाचं. तिथे चूक झाली तर ती नुसत्या वाढीनं सुधारत नाही.

धाग्याच्या टोकाला एक पसरट, हाताच्या पंज्यासारखा भाग असतो. त्याला ग्रोथ कोन म्हणतात. स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी 1890 मध्ये कोंबडीच्या गर्भात तो पहिल्यांदा पाहिला. त्यांच्यासमोर होते रंगवलेले, मेलेले नमुने. तरीही हा भाग जिवंतपणी पुढे सरकत, वाट काढत जात असणार हे त्यांनी ओळखलं होतं. आज आपण त्याचे व्हिडिओ पाहू शकतो. पंजातून बारीक बोटं बाहेर येतात, आजूबाजूला चाचपतात, काही आत ओढली जातात, काही टिकतात. जिकडची बोटं टिकली तिकडे धागा वळतो.

नवख्या मोहल्ल्यात एखादा पाहुणा पत्ता शोधतो तसंच हे. त्याच्याकडे अख्ख्या शहराचा नकाशा नसतो. नाक्यावर कोणी सांगतं, 'या गल्लीत नाही, पुढे जा.' पुढे कोणी सांगतं, 'मशिदीवरून डावीकडे.' धाग्यालाही असेच दोन्ही प्रकारचे निरोप मिळतात, इकडे ये असे आणि इकडे येऊ नको असे. 'येऊ नको' वाल्यांपैकी एक प्रथिन 1993 मध्ये अमेरिकेत पेन्सिल्वेनिया विद्यापीठातल्या जोनाथन रेपर यांच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या मेंदूतून वेगळं काढलं गेलं. ते लागताच ग्रोथ कोनचा पंजा मिटून जातो. आज त्याला सेमाफोरिन 3ए म्हणतात. ज्या उंदरांमध्ये ते मुळातच नसतं, त्यांच्यात संवेदी तंतू आपला रस्ता सोडून नको तिकडे भरकटलेले दिसतात. म्हणजे 'नाही' म्हणणारासुद्धा वाट दाखवतच असतो.

पण शेवटच्या टप्प्याचं काय? मोहल्ला सापडला, गल्ली सापडली. घराचं दार कोण उघडतं, आणि पाहुण्याला ठेवून कोण घेतं?

बेडरूममधली प्रयोगशाळा

या प्रश्नाचं उत्तर शोधणारी बाई इटलीतल्या तुरीन शहरातली, यहुदी घरातली. रिता लेव्ही-मोंटाल्चिनी. वडिलांचा मुलींच्या उच्च शिक्षणाला विरोध होता, तो मोडून त्या डॉक्टर झाल्या. आणि मग 1938 मध्ये मुसोलिनीच्या सरकारनं यहुद्यांविरुद्ध वंशवादी कायदे आणले. विद्यापीठाचं दार बंद झालं. दुसरं एखादं माणूस खचलं असतं. रिताबाईंनी घरच्या बेडरूममध्येच प्रयोगशाळा मांडली. शिवणकामाच्या सुया घासून त्यांच्या सुऱ्या केल्या, घड्याळजीचा चिमटा आणला, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची छोटी कात्री आणली. प्रयोगासाठी कोंबडीची फलित अंडी लागत. बॉम्बहल्ले वाढले तेव्हा हे कुटुंब खेड्यात राहायला गेलं, आणि या बाई शेतकऱ्यांच्या दारोदार फिरून अंडी मागू लागल्या. प्रयोग झाल्यावर उरलेली अंडी घरच्या जेवणात जात. घरातल्या काहींना ते कळल्यावर ऑम्लेट नकोसं झालं, असंही सांगतात.

त्यांनी केलं काय? अमेरिकेत काम करणारे जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हँबर्गर यांनी 1934 मध्ये दाखवलं होतं की कोंबडीच्या गर्भाचा पंख किंवा पाय होण्याआधीच त्याचा कोंब कापून टाकला, तर त्या बाजूच्या चेतापेशी फार कमी राहतात. हँबर्गर यांना वाटलं, अवयव नाही म्हणून पेशी तयारच झाल्या नाहीत. रिताबाईंनी रोजच्या रोज गर्भ तपासले आणि त्यांना वेगळंच दिसलं. पेशी तयार होतात, धागे बाहेर पाठवायला लागतात, आणि मग मरतात. कारण ज्याच्याकडे निघाले तो अवयवच जागेवर नाही. म्हणजे अवयवाकडून पेशींना काहीतरी मिळत असणार, ज्यावर त्या जगतात.

युद्ध संपल्यावर, 1947 मध्ये, हँबर्गर यांनी त्यांना सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात बोलावून घेतलं. आपलं म्हणणं चुकीचं ठरवणाऱ्या माणसालाच आपल्याकडे बोलावणं, ही गोष्ट मला तरी त्या शोधाइतकीच मोठी वाटते. दुसऱ्याच वर्षी हँबर्गर यांचे विद्यार्थी एल्मर ब्यूकर यांनी उंदराच्या एका ट्यूमरचा तुकडा कोंबडीच्या गर्भात बसवला, तर संवेदी तंतू त्यात जोरात घुसले. रिताबाईंनी हा प्रयोग पुढे नेला. 1952 मध्ये तसाच ट्यूमर असलेले उंदीर सोबत घेऊन त्या विमानानं ब्राझीलला, रिओ दि जानेरोला गेल्या. तिथे त्यांची मैत्रीण हर्था मायर काचेच्या बशीत पेशी वाढवण्यात तरबेज होती. बशीत एका बाजूला चेतापेशींचं गाठोडं, जवळच ट्यूमरचा तुकडा. दिवसभरात गाठोड्यातून चारी बाजूंना दाट धागे फुटले, सूर्याला किरणं असावीत तसे. दोघांचा एकमेकांना स्पर्शही नव्हता. याचा अर्थ एकच, ट्यूमरमधून काहीतरी पाझरत होतं.

ते 'काहीतरी' वेगळं काढायचं काम 1953 मध्ये आलेल्या स्टॅनली कोहेन यांनी केलं. त्यात एक मजेशीर वळण आहे. तो पदार्थ न्यूक्लिक आम्ल आहे की प्रथिन, हे तपासायला त्यांनी त्यात सापाचं विष घातलं. विषात न्यूक्लिक आम्ल तोडणारं एन्झाइम असतं. परिणाम थांबण्याऐवजी कितीतरी पट वाढला! तोच पदार्थ विषातही भरपूर होता. मग सापाची विषग्रंथी म्हणजे एक प्रकारे लाळग्रंथीच, या तर्कानं त्यांनी नर उंदराच्या लाळग्रंथी तपासल्या. तिथेही तो सापडला. त्याचं नाव पडलं नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात एनजीएफ. 1986 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल कोहेन आणि लेव्ही-मोंटाल्चिनी यांना मिळालं. हँबर्गर यांना वगळलं गेलं, आणि ते अनेकांना खटकलं. रिताबाई 103 वर्षं जगल्या, 2012 मध्ये वारल्या.

बोलावणं की रसद?

आता खरा गुंता. एनजीएफ तंतूला लांबून हाक मारून बोलावतो, की आल्यावर त्याला जगवतो?

बशीतले प्रयोग पाहिले तर दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. 1977 मध्ये रॉबर्ट कॅम्पेनॉट यांनी बशीचे तीन कप्पे केले, ज्यांच्या भिंतींखालून धागे सरकू शकत. मधल्या कप्प्यात पेशी ठेवल्या. ज्या कप्प्यात एनजीएफ होता तिकडेच धागे गेले, दुसरा रिकामा राहिला. पुढे धागे पोचलेल्या कप्प्यातून एनजीएफ काढून घेतला, तर तिथले धागे कोमेजले. दोन वर्षांनी गंडरसन आणि बॅरेट यांनी बारीक नळीच्या टोकातून एनजीएफचा थेंब थेंब सोडला, आणि वाढणारे धागे वळून त्या नळीकडे निघाले. झालं तर मग, हाक सापडली, असं कोणालाही वाटेल.

पण शरीर म्हणजे बशी नव्हे. 1987 मध्ये अ‍ॅलन डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भात मिशीच्या जागेची कातडी तपासली. उंदराला मिशी म्हणजे आपल्याला बोटांची टोकं, तिथे तंतूंची दाटी असते. तंतू निघाल्यापासून पोचेपर्यंत कातडीत एनजीएफ बनतच नव्हता. पहिले तंतू कातडीला पोचले, त्यानंतरच तो बनायला सुरुवात झाली. तंतूंवरही तो ओळखणारे रिसेप्टर तेव्हाच उगवले. म्हणजे लांबच्या हाकेचं श्रेय एनजीएफला देता येत नाही. पाहुणा दारात आल्यावर चूल पेटते, तसा हा प्रकार आहे.

मग त्या मिशीच्या कातडीपर्यंत तंतूंना कोणी आणलं? डेव्हिस आणि अँड्र्यू लम्सडेन यांनी आधीच दाखवलं होतं की त्या कोवळ्या कातडीतून एक ओढणारा पदार्थ सुटतो आणि तो एनजीएफ नाही. 1999 मध्ये कळलं की ते एनजीएफच्याच कुटुंबातले दोन भाऊबंद आहेत, बीडीएनएफ आणि एनटी-3. गंमत अशी की हे दोन्ही नसलेल्या उंदरांतही तंतू त्या जागी पोचतातच. शरीर एवढं महत्त्वाचं काम एकाच्या भरवशावर सोडत नाही. वाटेवरची चिकट प्रथिनं, नको तिकडून ढकलणारी सेमाफोरिनं, हातापायांत बऱ्याचदा आधी निघालेल्या स्नायूंच्या तंतूंची सोबत, सगळ्यांचा मिळून रस्ता बनतो.

तर एनजीएफचं काम नुसतं रसद पुरवण्याचं का? तसंही नाही. रसद ही मोठी गोष्ट आहेच. कातडीत तो अगदी थोडा बनतो. तंतूचं टोक ट्रकए नावाच्या रिसेप्टरनं त्याला पकडतं, रिसेप्टरसकट पिशवीत घालून आत घेतं, आणि ती पिशवी धाग्यातून उलट्या दिशेनं कण्याजवळच्या पेशीपर्यंत नेली जाते. पिशवी पोचली की पेशीला कळतं, आपलं टोक ठिकाणावर आहे. ज्यांना पुरेशी रसद मिळत नाही त्या पेशी स्वतःला संपवतात. सुरुवातीला गरजेपेक्षा कितीतरी जास्त पेशी बनतात आणि त्यातल्या जवळपास निम्म्या अशा गळतात. ऐकायला क्रूर वाटतं, पण यामुळेच जेवढी कातडी तेवढेच तंतू, हा हिशोब जुळतो.

रसदीपलीकडचं काम 2000 साली एका चतुर प्रयोगातून दिसलं. शास्त्रज्ञांनी असे उंदीर तयार केले ज्यांच्यात एनजीएफ नव्हता, आणि पेशीला मरायला लावणारं बॅक्स नावाचं प्रथिनही नव्हतं. म्हणजे रसद नाही, पण पेशी मरूही शकत नाहीत. पेशी जिवंत राहिल्या, धागे मज्जारज्जूत नीट शिरले. कातडीच्या वरच्या थरापर्यंत मात्र पोचले नाहीत. रस्त्यातून गल्लीत आले, घरात आले नाहीत. शेवटची काही पावलं, कातडीत शिरून फांद्या फुटणं, हे एनजीएफशिवाय होत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढच्या भागात ती लागेल. सगळ्या संवेदी तंतूंची रसद एकच नसते. दुखणं आणि चटका ओळखणारे तंतू एनजीएफवर वाढतात. हात कुठल्या स्थितीत आहे हे स्नायूंमधून सांगणारे तंतू एनटी-3 वर. आणि घामाच्या ग्रंथींना जाणारे तंतू, जे संवेदी नसून वेगळ्या जातीचे आहेत, तेही एनजीएफवरच जगतात.

ज्या बाळाला दुखतच नाही

आता समजा, ट्रकए रिसेप्टरच बिघडलेला आहे. कातडी एनजीएफ बनवते आहे, पण तंतूला तो पकडता येत नाही. पेशी उपाशी मरतात. जन्माला आलेल्या बाळाला स्पर्श कळतो, अम्मीचा हात कळतो, ते हसतं. सुई टोचली की मात्र रडत नाही. आणि त्याला घाम येत नाही.

या आजाराला इंग्रजी आद्याक्षरांवरून सीआयपीए म्हणतात. जन्मतः वेदना न जाणवणं आणि घाम न येणं, असा त्याचा अर्थ. जपानमधले डॉक्टर यासुहिरो इंदो आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवलं की त्याचं मूळ ट्रकए बनवणाऱ्या एनटीआरके1 या जीनमध्ये आहे. आजार अतिशय दुर्मीळ आहे. जपानमध्ये आणि नेगेव वाळवंटातल्या बेदुईन अरब कुटुंबांत त्याचे रुग्ण तुलनेनं जास्त सापडले, आणि भारतातल्या डॉक्टरांनीही असे रुग्ण नोंदवले आहेत.

सुरुवातीला घरात कौतुक होतं. बाळ किती शांत, इंजेक्शनलाही रडलं नाही, बडा बहादूर आहे! मग ताप यायला लागतो. उन्हाळ्यात, बंद खोलीत, जास्त कपड्यांत अंग तापतं आणि घाम नसल्यानं उष्णता बाहेर जायला वाट नसते. जंतूंची तपासणी होते, काही सापडत नाही, अँटिबायोटिक दिली जातात, पुन्हा ताप. काही बाळं पहिल्या काही वर्षांत या तापातच दगावतात. दात आले की मूल स्वतःची जीभ, ओठ, बोटं चावतं, जखमा होईपर्यंत. पुढे हाड मोडलं तरी चालत राहतं आणि सूज आल्यावरच घरच्यांना कळतं. अनेकांना शिकण्यातही अडचणी येतात. अंगभर जखमा आणि भाजल्याच्या खुणा पाहून डॉक्टरांना किंवा शेजाऱ्यांना आईबापांवरच संशय येतो. आधीच खचलेल्या आईला तो किती जिव्हारी लागत असेल!

एक गैरसमज इथेच दूर करू. सुईला कमी रडणारी सगळी बाळं आजारी नसतात. एखादं झोपाळू असतं, एखादं दूध पीत असतं. पण बाळ कधीच दुखण्याला रडत नाही, कडक उन्हातही अंग कोरडंच राहतं, वारंवार कारण नसलेला मोठा ताप येतो आणि जिभेला किंवा बोटांना जखमा आहेत, असं सगळं एकत्र दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना नेमक्या याच शब्दांत सांगा. रक्तातून जीनची तपासणी होते. यावर बरं करणारं औषध नाही, पण निदान झालं की जीव वाचवता येतो. अंग ओल्या फडक्यानं पुसणं, थंड खोली, उन्हापासून जपणं, दातांच्या डॉक्टरांकडून धारदार दात गुळगुळीत करून घेणं, रोज रात्री डोक्यापासून पायापर्यंत अंग तपासणं. जे काम वेदना करते ते घरच्यांनी करायचं.

दुखणं न कळण्याचे आजार आणखीही आहेत, आणि सगळे सारखे नाहीत. 2006 मध्ये उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातला एक मुलगा रस्त्यावर हातात सुरी खुपसून, निखाऱ्यांवर चालून खेळ दाखवायचा. चौदावा वाढदिवस येण्याआधीच छतावरून उडी मारल्यानं तो गेला. त्या कुटुंबांत तंतू व्यवस्थित वाढलेले होते. बिघाड होता तो तंतूतून विजेचा इशारा सुरू करणाऱ्या एका दरवाजात. तार टाकलेली, पण करंट नाही. सीआयपीएमध्ये तारच पोचलेली नाही.

नात्यातला निकाह आणि एक साधा हिशोब

सीआयपीए होण्यासाठी मुलाला बिघडलेला जीन आई आणि वडील, दोघांकडूनही मिळावा लागतो. एकाकडूनच मिळाला तर मूल ठणठणीत असतं, नुसतं वाहक. वाहकाला आयुष्यभर पत्ता लागत नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. 'पहिल्याला झालं, आता पुढचे तीन सुटले' असा याचा अर्थ नाही. दर वेळी नव्यानं चारात एक.

आता हे नात्यातल्या लग्नाशी का जोडलं जातं ते बघा. चुलत, मामे, आते, मावस भावंडांचे आजी-आजोबा एक असतात. माझ्यात एखादा दुर्मीळ बिघडलेला जीन असेल, तर तोच माझ्या सख्ख्या चुलत किंवा मामे भावंडात असण्याची शक्यता आठात एक. परक्या घरातल्या माणसात तोच जीन असण्याची शक्यता त्याच्या मानानं नगण्य. आजार जितका दुर्मीळ, तितका हा फरक मोठा.

याचा अर्थ नात्यातली लग्नं म्हणजे आजारी मुलं, असा मुळीच नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात हजारो बाळांचा अभ्यास झाला. त्यात पाकिस्तानी वंशाची कुटुंबं बरीच होती. 2013 मध्ये त्याचा निष्कर्ष आला की जन्मजात दोषांची शक्यता साधारण 3 टक्के असते, ती सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या लग्नात सुमारे 6 टक्के होते. म्हणजे धोका दुप्पट, आणि तरीही बहुतेक मुलं निरोगी. दोन्ही वाक्यं एकत्र लक्षात ठेवायला हवीत. एकच वाक्य सांगणारा माणूस एकतर घाबरवत असतो किंवा झाकत असतो.

आपल्याकडे चाचा-खालाच्या घरात रिश्ता करणं जुनं आहे, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक हिंदू जातींत मामाची मुलगी करण्याची चालही तितकीच जुनी. त्यामुळे हा कोण्या एका समाजाकडे बोट दाखवण्याचा विषय नाही. शरीअतमध्ये असा निकाह जायज आहे, करायलाच हवा असं मात्र नाही. ज्या खानदानात अकारण तापानं बाळं गेली आहेत, किंवा दुखणं न कळणारं, बहिरं, वारंवार रक्त लागणारं मूल आहे, तिथे पुन्हा नात्यातच रिश्ता ठरवताना मोठ्यांनी ही गोष्ट दडवून ठेवू नये. असं एक मूल घरात असेल, तर पुढच्या गरोदरपणाच्या आधी जेनेटिक सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना भेटावं. त्या मुलातला नेमका बिघाड सापडलेला असला, तर बाकीच्यांची तपासणी सोपी होते. आणि दोष आईच्या माथी मारू नये. हिशोब वर दिलाच आहे, निम्मा वाटा बापाचा असतो.

मोठेपणी तोच एनजीएफ

गर्भातलं काम संपलं म्हणून एनजीएफ निवृत्त होत नाही. मोठेपणी तो दुखण्याचा आवाज वाढवतो. जखम झाली, सांधा सुजला, की तिथे एनजीएफ वाढतो आणि तंतू हळवे होतात. उन्हात भाजलेल्या पाठीला साधा कुर्ता टोचतो, त्यात याचा हात असतो. मग औषध कंपन्यांनी विचार केला, एनजीएफला अडवलं तर गुडघेदुखी जाईल. टॅनेझुमॅब नावाचं इंजेक्शन बनलं, दुखणं कमीही झालं. पण काही रुग्णांचे सांधे झपाट्यानं झिजले. 2021 मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या सल्लागार समितीनं 19 विरुद्ध 1 मतांनी त्याविरुद्ध कौल दिला, आणि त्याच वर्षी कंपन्यांनी काम थांबवलं.

उलटा प्रयोगही झाला. मधुमेहात पायाचे तंतू सुकतात, तर एनजीएफ टोचून ते पुन्हा वाढवता येतील का? एक हजाराहून जास्त रुग्णांवर चाचणी झाली, 2000 मध्ये निकाल आला, फायदा दिसला नाही. वर टोचलेल्या जागी दुखायचं ते वेगळंच. आधी सांगितलेल्या गोष्टी आठवल्या तर यात फार नवल नाही. शरीर हा पदार्थ थेंबाथेंबानं, नेमक्या जागी, नेमक्या वेळी देतं, आणि सुई तो भसकन ओतते. जिथे जागा छोटी आणि समोर आहे तिथे मात्र यश आलं. डोळ्याच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचे तंतू मेले की तिथे न भरणाऱ्या जखमा होतात. त्यासाठी एनजीएफचे थेंब, सेनेगर्मिन या नावानं, अमेरिकेत 2018 मध्ये मंजूर झाले.

मधुमेहवाल्यांसाठी सध्या तरी आहेत ते तंतू वाचवणं हाच उपाय आहे, म्हणजे साखर ताब्यात ठेवणं. यात सर्वांत लांब धागे आधी मरतात, म्हणून बधिरपणा पायाच्या बोटांपासून चढतो. अब्बांना किंवा दादीला वीस वर्षांची शुगर असेल तर थंडीत वुजूच्या गरम पाण्याचा अंदाज पायानं घेऊ देऊ नका, आधी कोपर बुडवून बघायला सांगा, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणी पाहावं. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, आणि तेव्हाच तळवे आरशात बघून घ्या. चपलेत खिळा वर आला आहे का, हे हात घालून तपासा. हजला गेलेल्या मधुमेही यात्रेकरूंचे तळवे तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून भाजल्याचं सौदी अरेबियातल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. चटका बसला, पण कळवणारा तंतूच जागेवर नव्हता. हजची किंवा उमराची तयारी करताना औषधांच्या पिशवीत पायमोज्यांचे दोन-तीन जोड टाका, आणि इहराममुळे पुरुषांना ते घालता येत नसतील तेव्हा काय घालायचं, हे निघण्याआधी डॉक्टरांना आणि आपल्या मौलाना साहेबांना विचारून ठेवा.